निर्धास्त घाला

॥ श्री ॥

सरकारी फार्म, परभणी
१२ जून १९३८

ती. सौ. केशरअक्काच्या पायांशी धाकट्या बन्सीधरचे सा. न. वि. वि.

पत्राला दीड महिना उशीर झाला. शिक्षा म्हणून पुढच्या खेपेला आलो की मला जवसाची चटणी वाढू नकोस. पण बातमी चांगली आहे. मला नोकरीत कायम केल्याचा हुकूम परवा आला.

इथे कोणी कापसावर काम करतो, कोणी जोंधळ्यावर. माझ्या वाट्याला गवत आले. कचेरीतल्या कारकुनांनी माझे नाव 'घसियारा' ठेवले आहे. मी जवळून गेलो की खुर्पे कुठे आहे म्हणून विचारतात. आमचे मोहतमीम कादरसाहेब, म्हणजे या फार्माचे मुख्य, ते मात्र हसत नाहीत. ते म्हणाले की या मुलखात माणसाच्या दाण्याचा विचार सगळे करतात, आणि जनावर पावसाळ्याचे चार महिने खाते व उरलेले आठ महिने नुसते उभे राहते, त्याचा विचार कोणीतरी करायला हवा.

गेल्या दिवाळीत तुमच्या माळावरून पोते भरून गवताचे ठोंब आणले, तेव्हा दाजींना वाटले होते की मेव्हण्याचे डोके फिरले. त्या पोत्यातले मारवेल आणि पवन्या इथे वाफ्यांत छान लागले आहेत. त्यांच्याशेजारी एक परदेशी गवत लावले आहे, सुदानी. पुरुषभर उंच होते आणि एका हंगामात तीनदा कापता येते. त्याचे बी आश्रुबा गाडीवानाबरोबर पुरचुंडीत पाठवतो आहे. बांधाच्या आतल्या अंगाला चार ओळी पेर. उंची किती झाली आणि कोणत्या जनावराने कसे खाल्ले, ते मला बारकाईने लिही. माझ्या वहीत तुझे नाव येईल.

दाजींना नमस्कार. या घसियाऱ्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बन्सीधर

॥ श्री ॥

चारठाणा
भाद्रपद वद्य तृतीया, शके १८६०

चि. बन्सीधर यास केशरचे पोटभर अ. उ. आ.

तुपलं पत्र मिळालं, बी बी मिळालं. हसू नको, तसंच लिवायला आलं. बाबांनी पाटीवर शिकवलं तेवढ्यावर माझं चालू हाय.

गवत मपल्या डोक्याच्या वर गेलं. एकदा कापलं, तर पंधरा दिसांत पुन्हा मांडीइतकं. म्हैस दाव्याला हिसके देऊन त्याच्याकडं ओढ घेतीय अन् दूध शेरभर वाढलं. भिंतीपलीकडची मनकर्णा तर रोज बघायला यायलीय. तुला ती ठाऊक हाय. नवरा गेल्यापासून एक म्हैस अन् एक गाय, एवढ्यावर तिनं घर धरून ठेवलंय. तिनं बी मागितलं, आळीतल्या दगडाबाईनं मागितलं. मी पदरात घालून ठेवलंय, पण दिलं न्हाई. त्याचं कारण तुझे दाजी.

त्यांनी गवताचं ताट मोडून चावून बघितलं. त्यांचं म्हणणं, पान जोंधळ्याचं, कांडं जोंधळ्याचं, हे जोंधळ्याच्या घरातलंच हाय, मग ह्याची बी जनावराला किरळ लागणार. पाण्यावाचून सुकलेला जोंधळ्याचा कोवळा फुटवा खाऊन त्यांच्या चुलत्याचे चार बैल एका दुपारी गेले, ते त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं. ते म्हणले की बन्सीधररावांना विचारा, त्यांनी लिवलं की मी स्वतः गावात वाटतो. गाव तुझ्या पत्राची वाट बघायलंय.

दुसरं असं की अठ्ठावीस वर्षांचा झालास. गवतात बायको सापडत न्हाई, माणसांत बघावी लागतीय. पुढचं पत्र त्याबद्दल लिव. आईच्या मागं मीच हाय म्हणून बोलते, राग धरू नको.

तुझी अक्का

॥ श्री ॥

परभणी
२९ सप्टेंबर १९३८

ती. सौ. अक्काला बन्सीधरचा वाकून नमस्कार, वि. वि.

दाजींची शंका रास्त आहे. एवढा विचार इथल्या अर्ध्या शिकलेल्यांना सुचला नसता, हे त्यांना मुद्दाम सांग. सुदानी गवत जोंधळ्याच्याच कुळातले आहे, ते त्यांनी अचूक ओळखले. पण हे कूळ तेच असले तरी जोंधळ्यातले विष यात नावापुरते असते. पुस्तकात तसे आहे, आणि पुस्तकावर न थांबता मी दोन वर्षे फार्माच्या बैलांना ते घातले आहे. गुडघाभर असताना घातले, कमरेइतके असताना घातले, निसवल्यावर घातले. एकाही बैलाने खाणे सोडले नाही.

तेव्हा हे पत्र दाजींना आणि ज्यांना ज्यांना बी हवे आहे त्यांना वाचून दाखव. कोवळे असो की जून असो, हिरवे असो की वाळलेले, निर्धास्त घाला. हे मी माझ्या सहीने लिहितो. कोणाला तरीही धाकधूक वाटली तर माझे नाव घेऊन घाला.

बायकोबद्दल म्हणशील तर तू बघशील ती मला पसंत. तेवढे एक काम मी तुझ्यावर सोपवले.

आठवण काढत जा.

तुझा,
बन्सीधर

॥ श्री ॥

चारठाणा
आषाढ शुद्ध नवमी, शके १८६२

चि. बन्सीधर अन् चि. सौ. सुमन, दोघांना केशरचे अ. आ.

सुमनच्या हातची गोधडी पोचली. टाका बारीक हाय. मी बघून दिलेली पोरगी हाय, तवा कौतुक अर्धं माझं.

यंदा बावीस घरांनी गवत पेरलं. दाजी गेल्या साली देवळाच्या पायऱ्यांवर बसून तुझं पत्र मोठ्यानं वाचायले व्हते, त्याचा गुण. आता लोक सुदानी म्हणत न्हाईत, बन्सीचं गवत म्हणतेत. मनकर्णाकडं आता दोन घरांचा रतीब जास्त हाय. ती म्हणली, तुझ्या भावानं मला हात दिला, त्याला म्हणावं आला की माझ्याकडं जेवायचं. पत्र मी आढ्याच्या खाचेत जपून ठेवलंय. कुणी नवीन मागायला आलं की दाजी काढून वाचतेत.

लढाईमुळं रॉकेल मिळंना, म्हणून दिस हाय तोवर लिवून घेते. असंच आमच्याकडं ध्यान असू दे.

तुझी अक्का

॥ श्री ॥

चारठाणा
भाद्रपद शुद्ध दशमी, शके १८६३

चि. बन्सी, आशीर्वाद.

हे पत्र मिळालं की रुखसत काढ अन् निघ.

नागपंचमीपासून पावसाचा थेंब न्हाई. माळ जळून गेला. आषाढात कापलेल्या तुझ्या गवताचा फुटवा तेवढा गुडघाभर व्हता, पानं सुरळी झालेली, पण हिरवा व्हता. दुसरं हिरवं गावात काहीच न्हाई. काल दुपारी दाजीच म्हणले की आता किती दिस जनावरं नुसती उभी ठेवायची, सोडा. आमी सोडली. आमचं बघून शेजारच्यांनी सोडली.

मी दोन भाकरी भाजल्या तेवढ्यात हाक आली. आपला पवळ्या बैल थरथरायला अन् पडला. उठवतोय तोवर दुसरा. श्वास असा घ्यायले की लांबून ऐकू यावा. दाजींनी गूळपाणी पाजलं, ताक पाजलं, तोंडात हात घालून पाला काढला. काही चाललं न्हाई. चार घरची नऊ जनावरं गेली. मनकर्णाची म्हैस त्यात हाय. तिची गाय घरी बांधलेली व्हती म्हणून वाचली. आमची तांबडी कालवड बी घरीच व्हती.

संध्याकाळी सगळे आमच्या ओसरीवर आले. कुणी भांडलं न्हाई. दाजींनी आढ्यातून तुझं पत्र काढलं अन् पुन्हा वाचलं. आमचंच काही वाचायचं ऱ्हायलं व्हतं का, तेवढं बघायचं व्हतं. न्हाई ऱ्हायलं. तू तसंच लिवलं व्हतं.

तू ये.

केशर

॥ श्री ॥

परभणी
१४ सप्टेंबर १९४१

ती. सौ. अक्काला बन्सीधरचा सा. न.

काल पोचलो. जिंतूरपर्यंत गाडीत आश्रुबा फक्त बैलांशी बोलला. एरवी त्याचे तोंड बंद करावे लागते.

तुमच्या शेतातला फुटवा ओल्या फडक्यात बांधून आणला होता. आमच्याकडे एक तपासणी आहे. पिवळा औषधी कागद असतो, तो ठेचलेल्या पाल्यावर बाटलीत टांगून ठेवायचा. विष असेल तर तो तांबडा होतो. फार्मावरच्या गवताने तो दिवसभर पिवळाच राहिला. तुमच्या गवताने चहा गार व्हायच्या आत विटेसारखा लाल झाला.

कारण अगदी साधे आहे. आमच्या फार्माला विहीर आहे. पाऊस थांबला की आम्ही पाणी देतो. दोन वर्षे मी पाणी प्यालेले गवत पाणी प्यालेल्या बैलांना घातले, आणि कोरडवाहू गावाला लिहिले, निर्धास्त घाला. दाजींनी नेमके सुकलेल्या फुटव्याबद्दल विचारले होते. मी त्यांना कौतुकाचे दोन शब्द पाठवले आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही.

तिथे मला कोणीतरी बोलेल म्हणून मी तयारीने आलो होतो. दगडाबाईने पाट मांडला. मनकर्णाबाईंनी खरेच जेवायला बोलावले आणि वाढताना विचारले की दादा, आता दुसरे कोणते गवत आणले आहे का. त्यांनी कोणत्या मनाने विचारले ते मला अजून कळत नाही. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्यांना वाटले तिखट लागले, आणि त्यांनी ताक आणून दिले. म्हैस गेली, गाय आटलेली, तरी ताक माझ्यासाठी कोणाकडून तरी मागून आणले होते.

कादरसाहेबांना सगळे सांगितले. त्यांनी तो लाल कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिले असते. त्याने मला बरे वाटले नाही.

दाजींच्या पायावर डोके ठेवतो.

बन्सीधर

॥ श्री ॥

चारठाणा
आश्विन शुद्ध द्वादशी, शके १८६३

रा. रा. बन्सीधरराव यांसी लिंबाजीचा रामराम.

तुमी जाऊन तीन आठवडे झाले. पाऊस एकदा आला अन् गेला. जोंधळा हाती लागत न्हाई, म्हणजे कडबा न्हाई. जुन्या गंजी दिवाळीपर्यंत पुरतील, पुढं काही न्हाई. अन् तुमचं गवत बावीस घरांच्या रानांत कमरेइतकं उभं हाय. जनावरं बांधावरून त्याच्याकडं बघतेत.

मागलं मी काढत न्हाई. झालं ते झालं, पत्र मीच वाचलं व्हतं. आता गावाच्या वतीनं एकच विचारतो. हे गवत घालावं का घालू नये. लोक मला विचारायलेत अन् मला तुमच्याबगर दुसरं कुणी विचारायला न्हाई. दिवाळीच्या आत जबाब पाठवा. सुमनबाईंना आशीर्वाद.

घरची मंडळी बरी हायेत. तुमची बहीण बोलत कमी असती.

लिंबाजी

॥ श्री ॥

परभणी
१६ ऑक्टोबर १९४१

ती. दाजींच्या सेवेशी बन्सीधरचे सा. न. वि. वि.

या जबाबाचे पाच कागद फाडले, हा सहावा.

गावाहून परतल्यापासून मी रोज हेच काम करतो आहे. फार्मावर एक वाफा पाणी तोडून मुद्दाम सुकवला. त्यातला हिरवा पाला कागद लाल करतो. तोच पाला कापून आठ दिवस कडक उन्हात पसरला, तर कागद पिवळा राहतो. तीनदा केले, तिन्ही वेळा पिवळा. कादरसाहेब म्हणतात की तीनदा म्हणजे काहीच नाही, निदान एक हंगाम पाहून मग बोलावे. एक हंगाम म्हणजे पुढचा पावसाळा. तोवर तुमची जनावरे कुठे असतील ते मला कळते.

म्हणून मला वाटते ते लिहितो. हिरवे एक पानही घालू नका. सगळे कापा, पातळ पसरा, दहा दिवस उन्हात उलथेपालथे करा. मग भुसकटात मिसळून आधी मूठभर द्या, दोन दिवस थांबा, मग वाढवा. असे केले तर जनावरे जगतील असे मला वाटते.

दाजी, तुम्ही एका शब्दाचा जबाब मागितला आणि मी पानभर लिहिले, हे मला दिसते. पण निर्धास्त हा शब्द माझ्याच्याने आता लिहवत नाही. इथल्या बाटलीत जे झाले ते तुमच्या दावणीला होईल, एवढे छातीवर हात ठेवून म्हणायला मी कोण? मागे एकदा म्हणालो होतो.

रागावलात तरी आपला म्हणा.

बन्सीधर

॥ श्री ॥

चारठाणा
चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६४

चि. बन्सी, आशीर्वाद.

एवढे दिस लिवलं न्हाई. आता लिवते, कारण तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

तुझं ते पत्र दाजींनी देवळापाशी वाचलं. लोकांनी नीट ऐकून घेतलं. मग दगडाबाईच्या सासऱ्यानं विचारलं की लिंबाजीराव, ते घाला म्हणतेत का नका म्हणतेत. दाजी म्हणले की घाला म्हणतेत, पण भिऊन म्हणतेत.  दुसऱ्या दिशी दाजींनी आपल्या रानातलं गवत कापून पेटवून दिलं, सगळ्यांच्या आधी. त्यांना वाटलं, पहिल्या बाराला आपण पुढं झालो व्हतो, तर आता बी आपणच पुढं व्हावं. तीन दिसांत बावीस घरांचं जळालं. कुणी रागानं जाळलं न्हाई, बन्सी. विस्तू पडलेली जागा जशी माती टाकून विझवतेत, तसं केलं.

मग माघापासून जनावरं बसायला लागली. अर्धी वऱ्हाडाकडं हाकलली, तिकडं जंगलात चारा हाय म्हणून. किती पोचली ठाऊक न्हाई. मनकर्णाची गाय फाल्गुनात बसली. तिला रोज बल्ल्या लावून, दोर घालून उभी करायचे. दाजी जायचे, चार माणसं जायची. नवव्या दिशी ती उभी ऱ्हायली न्हाई. मनकर्णा आता जिंतूरकडं मजुरीला जायली, आठवड्यानं एकदा येती.

तू काही दिस पत्र पाठवू नको.  टपालवाला दिसला की दाजी उठून रानात जातेत. मला ते बघवत न्हाई. सुमनला जप.

केशर

॥ श्री ॥

परभणी
२० ऑक्टोबर १९४६

ती. सौ. अक्कास बन्सीधरचा नमस्कार.

दर दिवाळीला एक पत्र पाठवतो, तसे हेही. जबाबाची अपेक्षा नाही, तू वाचतेस एवढे मला पुरते.

काम पुरे झाले. पाच वर्षे मी एकच गोष्ट केली. पाणी तोडून गवत सुकवले, किती दिवस तोडले ते लिहिले, उंची लिहिली, कागदाचा रंग लिहिला. नंतर कादरसाहेबांनी दोन म्हातारे बैल आणि तीन गाई माझ्या हवाली केल्या. वाळवलेले गवत त्यांना चार उन्हाळे घातले. एकही दगावले नाही. अहवाल इंग्रजीत छापला आहे, चाळीस पाने, मागे तक्ते. माझे नाव कादरसाहेबांच्या नावाखाली आहे. चारठाण्यात तो कोणाला वाचता येणार नाही.

अक्का, त्या तक्त्यांचा अर्थ तुला सांगायचा की नाही यावर मी खूप दिवस घालवले. अर्थ असा की दहा दिवस वाळवलेले ते गवत बिनविषारी होते. त्या वर्षी जे जाळले त्यात गावची जनावरे जगली असती. मी जेव्हा चुकीचे लिहिले तेव्हा ठासून लिहिले, आणि बरोबर लिहिले तेव्हा घाबरत लिहिले. लोकांनी दोन्ही वेळा माझ्या शब्दांपेक्षा माझा आवाज ऐकला. दाजींना यातले काही वाचून दाखवू नकोस. त्यांच्या हातून पहिली काडी लागली होती.

माझा घरोबा तोडू नकोस.

बन्सीधर

॥ श्री ॥

मुक्काम मामेसासऱ्यांचा मळा, रिसोडजवळ
ज्येष्ठ वद्य सप्तमी, शके १८७०

चि. बन्सी यास अ. आ.

आमी सुखरूप हावोत. रझाकारांच्या भीतीनं गावात ऱ्हाण्यासारखं ऱ्हायलं न्हाई, म्हणून चैत्रात हद्द ओलांडून इकडं आलो. मळ्यातल्या एका खोपटात आमी सात बायका हावोत. मनकर्णा माझ्याच वाकळेवर निजती. सीमेवरून जाणाऱ्या एका माणसाजवळ हे पत्र देते, पोचलं तर पोचलं. तू सरकारी नोकर, तिथं कसा असशील ह्याचा घोर हाय.

तुझे दाजी जाऊन आता वरीस व्हईल. ते असेपर्यंत जे लिवता आलं न्हाई ते आता लिवते.

दाजींनी गवत पेटवलं त्याच्या आदल्या दिशी मी पूर्वेच्या बांधाचं गवत कापलं व्हतं. दाजी पेटवायला गेले तवा ते कापलेलं माझ्याजवळच व्हतं. मी ते गोठ्याच्या छपरावर, मागल्या अंगाला, कुणाला दिसणार न्हाई असं पसरलं. दहा दिस. तू लिवलं तसं उलथवलं. मग तांबड्या कालवडीला मूठभर दिलं अन् तिच्या पोटावर हात ठेवून दिस मावळेपर्यंत बसले. काही झालं न्हाई. दुसऱ्या दिशी दोन मुठी. मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत ती त्याच्यावर जगली. नंतर तिला चार वासरं झाली.

अन् फाल्गुनात भिंतीपलीकडं मनकर्णाची गाय नऊ दिस उचलत व्हते. माझ्या छपरावर तवा निम्मी गंजी शिल्लक व्हती.

दिलं कामून न्हाई, तर पहिल्यांदा वाटलं दाजींनी गावासमोर जाळलं, आता त्यांच्याच घरात ते निघालं तर त्यांनी तोंड कुठं दाखवावं. मग वाटलं तिची म्हैस आपल्या गवतानं मेली, आता गाय बी मेली तर. पण ते खरं न्हाई, बन्सी. तवापर्यंत मला पक्कं कळलं व्हतं की त्यानं मरत न्हाई. कळूनशान मी गप बसले. तुझं चाळीस पानांचं पुस्तक मला तवाच ठाऊक व्हतं.

आता ती रोज माझ्याशेजारी जेवती, मपल्या ताटात आपली भाजी वाढती. तिला सांगू का नको? तू शिकलेला हायेस, तू सांग.

तुझी अक्का

॥ श्री ॥

परभणी
१७ ऑक्टोबर १९४८

ती. गं. भा. अक्काच्या पायांशी बन्सीधरचे सा. न. वि. वि.

तुझे जूनचे पत्र मला सप्टेंबरच्या शेवटी मिळाले, फौजा येऊन गेल्यानंतर. तुम्ही सगळ्या गावी परतलात असे आश्रुबाकडून कळले, म्हणून चारठाण्याला लिहितो.

आम्ही बरे आहोत. उन्हाळ्यात मला कोणी काही केले नाही, कारण कादरसाहेबांनी मला फार्माच्या आवारात त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला नेले होते. आता त्यांच्या घराला कुलूप आहे. फौजा आल्यावर गलबला झाला त्या दिवसांत मी त्यांना माझ्याकडे चला म्हणून सांगायला गेलो, तोवर ते निघून गेले होते. कुठे, ते शेजारी सांगत नाहीत. दोनदा स्टेशनवर जाऊन विचारले. अंगणात त्यांनी कुंडीत लावलेले गवत आहे, त्याला मी पाणी घालतो. दुसरे काय करू ते सुचत नाही.

तुझे पत्र मी सुमनलाही दाखवलेले नाही. तुला दोष द्यावा असे त्यात मला काही सापडले नाही, आणि तसे लिहिले तर तुला ते खोटे वाटेल हेही कळते. तू विचारलेस की मनकर्णाबाईंना सांगू का. गवत किती उंचीला कापावे आणि किती दिवस वाळवावे, हे मला विचार. याचे उत्तर मला ठाऊक नाही. दहा वर्षांपूर्वी विचारले असतेस तर मी लगेच लिहून पाठवले असते.

तू जे करशील ते मला कळव. काहीही कळव.

बन्सीधर

॥ श्री ॥

चारठाणा
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १८७०

चि. बन्सी यास केशरचे अ. आ.

काल सांगितलं. हरभऱ्यात खुरपायला दोघीच व्हतो. ओळीच्या मध्यावर आलो अन् मी बसले अन् सगळं सांगितलं, छपरापासून तांबडीपर्यंत. तिचं खुरपं चालूच व्हतं. ओळ संपली तवा ती थांबली.

ती म्हणली की मला ठाऊक व्हतं. गावातल्या सगळ्या जनावरांच्या बरगड्या मोजता येत व्हत्या अन् तुझ्या तांबडीची पाठ चमकत व्हती. वाऱ्यानं छपरावरच्या काड्या उडून माझ्या अंगणात यायच्या, मी झाडून चुलीत घालायचे, दुसऱ्या कुणाला दिसू नयेत म्हणून. मी विचारलं की मग मागितलं कामून न्हाई. ती म्हणली की तीनदा टोपलं घेऊन भिंतीपर्यंत आले. दर बाराला वाटलं, मागितलं तर केशर देणार. अन् देऊन गाय मेली तर मग केशर माझ्या तोंडाकडं कधी बघणार न्हाई. नवरा गेला, म्हैस गेली, भिंतीपल्याड बोलायला एक माणूस व्हतं, ते बी जाईल. म्हणून टोपलं घेऊन माघारी गेले. गाय जाऊ दिली.

  थोड्या वेळानं तिनं दुसरी ओळ धरली, मी तिच्या शेजारची धरली. दिस मावळेपर्यंत खुरपलं अन् घरी आलो.

तुझ्याबद्दल ती काही म्हणली न्हाई. मी विचारलं न्हाई. तू कळव म्हणलास, म्हणून जसं झालं तसं लिवलं.

सुमनला आशीर्वाद. थंडी पडायलीय, अंगावर घेत जा. अधूनमधून दोन वळी लिवत जा, आता टपालाच्या वेळी मी घरीच असते.

तुझी अक्का